'मामाचं घरी कुणाला सांगायचं नाही हं!'

पत्र खूप मोठं होतं, त्यातलं मुद्द्याचं तेवढं इथं देतेय. गावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, मुलाला मी बंटी म्हणते.

ताई पुण्याकडे राहतात, माहेर सांगली भागातलं. लग्नाला बारा वर्षं झाली, बंटी साडेनऊचा, चौथीत. ताईंच्या धाकट्या भावाला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात स्किझोफ्रेनिया झाला, आता तो चौतीसचा आहे, गोळ्या चालू आहेत, नोकरी नाही, आईजवळ राहतो. लग्न ठरताना सासरी एवढंच सांगितलं की मुलगा जरा एकलकोंडा आहे, परीक्षेचं मनाला लावून घेतलंय. बारा वर्षं तेच चालू आहे, मिस्टरांनाही माहीत नाही. बंटी मात्र दर मे महिन्यात आणि दिवाळीत आजोळी जातो आणि मामाला सोडत नाही. घरापासून एसटी स्टँड जवळ, दोघं रोज सकाळी तिथल्या बाकड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहितात. परत येताना आज्जी दर वेळी बजावते, 'मामाच्या गोळ्यांचं, मामाचं काही काही घरी कुणाला सांगायचं नाही हं.'

या जूनमध्ये शाळेच्या कंपासपेटीत ताईंना घडी घातलेलं एक पान सापडलं. त्या वहीतलं, मामाच्या अक्षरातलं. एका गाडीच्या नंबरापुढं लिहिलेलं, 'हीच परत. तिसऱ्यांदा. हे मुद्दाम करतायत.' बंटीला विचारलं तर म्हणाला, आज्जीनं बघितलं असतं तर मामाला दवाखान्यात टाकलं असतं म्हणून मीच फाडलं. पुढं श्रावणात मामाचा आजार उफाळला, तीन आठवडे ॲडमिट होता, आता घरी आलाय. बंटीला सांगितलं, मामाला टायफॉईड झाला. तेव्हापासून त्याचं अधूनमधून पोट दुखतं, डॉक्टर म्हणतात पोटात काही नाही. एकदा रात्री झोपताना त्यानं विचारलं, 'मामाच्या टायफॉईडचं पण पप्पांना सांगायचं नाही का?'

ताईंचा प्रश्न: मुलावर या सगळ्याचा परिणाम होतोय, तर त्याला मामापासून हळूहळू दूर करू का? आई म्हणते, मामा नोकरीसाठी बंगलोरला गेला असं सांगून टाक. दिवाळी तोंडावर आलीय, भाऊबीज आहे. आणि हे पोरात तर येणार नाही ना?

---

ताई,

ते टायफॉईडचं वाक्य तुम्ही अगदी जाता जाता लिहिलंय, मी मात्र तिथंच अडकले. टायफॉईड कोण लपवतं हो? टायफॉईड झाला तर आपण शेजारणीला सांगतो, दूधवाल्याला सांगतो, ऑफिसात तर दोन दिवस जास्तच सांगतो. साडेनऊ वर्षांच्या पोराला हे कळतं. त्याला हेही कळलंय की तुम्ही जे सांगितलं ते खरं नाही, आणि तरी तो तुम्हाला 'आई तू खोटं बोलतेस' असं म्हणाला नाही, त्यानं फक्त विचारलं की हे खोटं कुणाकुणापासून लपवायचंय तेवढं सांग, म्हणजे मी नीट लपवतो. म्हणजे ड्युटीवरचा माणूस ऑर्डर विचारतो ना, तसं.

तुम्ही विचारताय मामापासून दूर करू का. त्यात तुम्ही एक गोष्ट धरूनच चाललाय, की पोराचं पोट मामामुळं दुखतंय. मला तसं वाटत नाही. सरळच सांगते, मला वाटतं ते त्या 'सांगायचं नाही हं' मुळं दुखतंय. (तुमच्या डॉक्टरांनी पोट तपासलंय म्हणून हे बोलतेय, ज्यांनी तपासलेलं नाही त्यांनी आधी तपासून घ्या, प्रत्येक पोटदुखी मनातून येत नाही.)

आता ते पान. मे महिन्यात तुमच्या भावाला गाड्यांच्या नंबरात कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं दिसायला लागलं होतं. आजार परत डोकं वर काढतोय याची ती पहिली खूण, आणि ती सगळ्यात आधी कुणी बघितली, तर शेजारी बाकड्यावर बसलेल्या पोरानं. आज्जीला दिसलं नव्हतं, डॉक्टरांना दिसलं नव्हतं. आणि त्या पोराला तुम्ही सगळ्यांनी मिळून शिकवलेलं काय, तर मामाचं काही दिसलं की झाकायचं. त्यानं झाकलं. अगदी चोख झाकलं, पुण्यापर्यंत कंपासमध्ये घेऊन आला! जून गेला, जुलै गेला, श्रावणात ॲडमिट करायची वेळ आली. हे तुम्हाला टोचायला म्हणून लिहीत नाहीये, जूनमध्ये ते पान बघून तुम्ही माहेरी फोन केला होता आणि आईनं 'काही नाही गं, ठीक आहे' म्हणून वेळ मारून नेली हे तुम्ही लिहिलंयच. मला एवढंच दाखवायचंय की घरातलं गुपित सासू, नवरा, स्थळं, शेजारी यांच्यापासून ठेवायचं म्हणून सुरू होतं आणि शेवटी पेशंटच्याच मुळावर येतं, कारण लपवायची सवय लागलेली माणसं कुठलं लपवायचं आणि कुठलं लगेच सांगायचं यात फरक करत नाहीत. लहान मूल तर नाहीच करू शकत.

तुमच्या आईला मी दोष देत नाही. लग्नाच्या वर्षी त्या गुपिताला काम होतं. मुलगी उजवायची होती, मुलगा अचानक हातातनं गेलेला, आधी वाडीला अकरा गुरुवार केले, मग कुणीतरी गाणगापूर सांगितलं, मग कुठं सायकिॲट्रिस्ट, हे सगळं तुम्ही लिहिलंय आणि हे वाचणाऱ्या निम्म्या घरांचा प्रवास हाच असतो. 'भाऊ वेडा आहे' एवढं गावात पसरलं असतं तर स्थळं परत गेली असती, ही भीती खोटी नव्हती. पण लग्न लागलं, बारा वर्षं झाली, ज्या कामासाठी लपवलं ते काम कधीच उरकलं, आणि लपवणं तेवढं राहिलं. आता ते कशासाठी चाललंय हे घरातल्या कुणालाच धड सांगता येणार नाही.

आमच्या घरी एक आत्या होती, वडिलांची मोठी बहीण. मागच्या खोलीत असायची. माझ्या वेण्या तीच घालायची, आणि घालताना प्रत्येक पेडाला पुटपुटत मोजायची, एकशे आठ झाल्याशिवाय रिबन बांधायची नाही, शाळेला उशीर झाला तरी चालेल. मी आठ वर्षांची असताना एक दिवस शाळेतून आले तर खोली धुतलेली, गादी उन्हात टाकलेली, आणि आई म्हणाली आत्या काशीला गेली. मला विश्वासच बसला नाही कारण तिच्या चपला दारातच होत्या. ती एका हॉस्पिटलात होती आणि तिथंच वारली, हे मला माझ्या लग्नाच्या वेळी कळलं. मधली इतकी वर्षं माझी पक्की समजूत की त्या दिवशी सकाळी मी 'मोजू नको ना, उशीर होतोय' म्हणून ओरडले होते म्हणून ती निघून गेली. असो. बंगलोरचं वाचलं आणि त्या चपला आठवल्या, म्हणून सांगितलं. बंटीनं उद्या आजोळच्या दारात मामाच्या चपला बघितल्या तर बंगलोरचं काय करणार आहात?

बरं, मामा-भाच्याच्या नात्याबद्दल. तुम्ही एक ओळ लिहिलीय की 'त्याला एमएच १४ म्हणजे गाडी एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपात बांधलेली, एमएच २० म्हणजे चिकलठाणा आणि एमएच ४० म्हणजे नागपूर हे सगळं मामानं शिकवलंय, आणि तो ते वर्गात सांगत बसतो.' तुम्हाला त्याचं थोडं टेन्शन आलेलं दिसतंय, मला मात्र हेवा वाटला. आपल्या पोरांना रोज दोन तास बाकड्यावर शेजारी बसून त्यांच्या आवडीचं एकच काम, फोन न बघता करणारा मोठा माणूस किती जणांना मिळतो? नोकरी असलेल्या शहाण्या काका-मामांना तरी जमतं का? मामाला घाई नाही, मार्क विचारायचे नाहीत, 'मोठा होऊन कोण होणार' नाही. आणि उलट बाजूनंही बघा, तुमच्या भावाकडं दिवसभरात कामाचं म्हणता येईल असं काय आहे? गोळ्यांनी येणारी झोप, थरथरणारे हात, चहा, आणि 'अजून झोपलाय का' हे ऐकणं. त्यात कुणीतरी वही घेऊन सकाळी उठवायला येतं आणि त्याच्याकडून शिकतं. ते नातं तोडून तुम्ही दोघांचंही नुकसान कराल, मुलाचं जरा जास्त, कारण त्याला त्यातून हे कळेल की माणूस आजारी पडला की आपल्या घरात तो नाहीसा होतो. मग उद्या त्याला स्वतःला काही झालं, अगदी दहावीत नैराश्य आलं तरी, तो ते तुम्हाला सांगेल का?

पण मी काही भाबडेपणानं 'प्रेमानं सगळं ठीक होतं' म्हणत नाहीये. आजार आजार आहे. स्किझोफ्रेनियाची बहुतेक माणसं कुणाच्या अंगावर धावून जात नाहीत, उलट लोकच त्यांना फसवतात, मारतात, हे खरं. पण आजार भरात असताना, म्हणजे झोप उडालीय, रात्रभर येरझाऱ्या, गोळ्या थुंकणं, घरातल्यांवरच संशय, नसलेल्या आवाजांना उत्तरं देणं, असं दिसायला लागलं की मुलाला एकट्याला त्यांच्यासोबत सोडायचं नाही, विषय संपला. तेव्हा स्टँडवर जायचं नाही, शेजारी मोठं माणूस हवंच. हा नियम मामा धोकादायक आहे म्हणून नाही, मामाला तेव्हा स्वतःलाच सांभाळणं अवघड असतं तर दुसऱ्याचं पोर कसं सांभाळणार, आणि साडेनऊच्या पोरानं मामाला सांभाळायचं का? मे महिन्यात तेच झालंय ना. दूर ठेवायचं ते त्या कामापासून. मामापासून नाही.

'पोरात येणार नाही ना' याचं उत्तर आकड्यातच देते, कारण ही भीती आकड्याशिवाय फार वाढते. कुठल्याही शंभर माणसांत साधारण एकाला हा आजार आयुष्यात कधीतरी होतो. सख्ख्या मामा-मावशी-काका-आत्याला असेल तर शंभरात तीन-चार जणांना. म्हणजे शहाण्णव-सत्त्याण्णव जणांना नाही होत. अगदी एकसारख्या जुळ्या भावांतसुद्धा एकाला असला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता फार तर निम्मी, बऱ्याचदा त्याहूनही कमी असते, म्हणजे नुसतं रक्तात असून भागत नाही. आणि जवळ बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं तर नाहीच नाही. त्याला दूर केलंत तरी हा आकडा कणभर हलणार नाही. हलवू शकणारी जी एक गोष्ट आपल्या हातात आहे ती वेगळीच आहे आणि ती मी मुद्दाम सांगते, वयात येताना गांजा. घरात असा आजार असेल तर गांजा इतरांपेक्षा जास्त महागात पडतो, आणि आता तो कॉलेजच्या होस्टेलवर काय मिळतो हे मी सांगायला नको. उद्या सोळा-सतराव्या वर्षी कुणी मित्र 'एक झुरका मार' म्हणेल तेव्हा बंटीला 'मला नको, माझ्या मामाला असं आहे' हे म्हणता यायला हवं की नको? ज्याला मामाला टायफॉईड झाला होता असंच माहीत आहे तो काय म्हणणार?

मग सांगायचं कुणाला, कधी, कसं. इथं तुम्ही म्हणाल सरळ बंटीपासून सुरू करते. नको. आधी भावाशी बोला. तुमच्या सहा-सात पानांत आई काय म्हणते, तुम्हाला काय वाटतं, सासू काय म्हणेल हे सगळं आहे पण ज्याचा आजार आहे त्याला काय वाटतं हे एका ओळीतही नाहीये. ही गोष्ट पहिल्यांदा त्याची आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटला आपल्या आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलाय, तो प्रामुख्यानं डॉक्टर-हॉस्पिटलांसाठी आहे हे खरं, पण माणुसकी म्हणून घरच्यांनीही तो पाळायला काय हरकत आहे? तो बरा आहे, दुपारची झोप झालीय, चहा घेतोय अशा वेळी विचारा, 'बंटीला तुझ्या आजाराबद्दल खरं सांगावं असं वाटतंय, यांनाही सांगणार आहे, तुला चालेल का, आणि काय सांगू नको?' तो म्हणेल की ॲडमिट असतानाचं सांगू नको, बांधलं होतं ते सांगू नको. नका सांगू. तेवढं त्याच्या हातात राहू द्या. आणि मला वाटतं त्याला हायसंच वाटेल. घरातल्या प्रत्येक पाहुण्याच्या वेळी आतल्या खोलीत जाऊन बसायचं, हे बारा वर्षं त्यानं केलंय, तुम्हीच लिहिलंय.

तो नाहीच म्हणाला तर? तर घाई करू नका, परत विचारा, त्याच्या डॉक्टरांना मध्ये घ्या. पण बंटीनं जे डोळ्यांनी बघितलंय त्याबद्दल त्याच्याशी खोटं बोलायचं नाही, एवढं तरी लगेच थांबवा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरे मिस्टर. बंटीच्या आधी. कारण बंटीला सांगून पप्पांना नाही सांगितलं तर तुम्ही त्याच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवत नाही, त्यात अजून एक वीट घालताय. मला माहितेय की हीच सगळ्यात अवघड पायरी आहे, तुमच्या पत्रात याच ठिकाणी वाक्यं अर्धवट तुटलीत. 'फसवलं म्हणतील.' म्हणतील कदाचित. आणि बारा वर्षं न सांगितल्याचं वाईट वाटायचा त्यांना हक्क आहे, तो त्यांना द्या, लगेच 'पण माझी बाजू' म्हणून सुरू होऊ नका. कायद्याची धास्ती असेल तर, मी वकील नाही, पण हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजाराचं जे काही आहे ते नवऱ्याच्या किंवा बायकोच्या स्वतःच्या आजाराबद्दल आहे, मेव्हण्याच्या नाही. ही भीती डोक्यातून काढून टाका, खरी भीती आहे ती विश्वासाची, आणि तिच्यासाठी कोर्टात जायला लागत नाही, एका संध्याकाळी घराबाहेर चालायला जायला लागतं. घरात नको, सासूबाईंच्या कानावर अर्धंमुर्धं पडण्यात अर्थ नाही. आणि सुरुवात लग्नापासून करू नका, ते पान खिशात न्या. ते दाखवा. 'आपलं पोर हे लपवत होतं, आणि ते मी शिकवलं.' हे वाक्य तुम्हाला जड जाईल पण बाप म्हणून त्यांना सगळ्यात आधी हेच कळायला हवं, मग पाठोपाठ बाकीचं येईल.

शिवाय, हे आपलं माझं, पण बारा वर्षांत एकदाही मेव्हणा घरी राहायला आला नाही, भाऊबीजेला दर वेळी तुम्हीच जाता, यावर त्यांनी एकदा तरी 'का?' विचारलंय का? तुम्ही लिहिलंय की नाही. नवरे अगदीच आंधळे नसतात हो. बरेचदा त्यांना अर्धं माहीत असतं आणि तेही बिचारे आपल्याला माहीत असल्याचं लपवत असतात.

सासूबाईंना दिवाळीच्या आधीच सांगायला हवं असं काही नाही. ते मिस्टर आणि तुम्ही मिळून ठरवा. सगळ्यांना सगळं सांगा असं माझं म्हणणं नाहीच.

आता बंटी. समोर बसवून 'मला तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय' असं करू नका, पोरं घाबरतात, स्कूटरवर मागं बसलेला असताना किंवा मटार सोलताना बोला, हाताला काम असलं की बोलणं सोपं जातं. आधी कबुली द्या, 'मी टायफॉईड म्हणाले ते खरं नव्हतं, मला कसं सांगायचं कळत नव्हतं.' मग आजाराचं नाव घ्या, स्किझोफ्रेनिया. पोरांना अवघड नावं आवडतात, डायनासोरची नाही का पाठ करत. नाव नसलं की ते आपलं आपण नाव ठेवतात आणि ते 'येडा' असतं कारण शाळेत तोच शब्द मिळतो. मी असं काहीसं सांगेन, तुमच्या भाषेत फिरवून घ्या: 'मामाच्या मेंदूला कधीकधी न आलेला आवाज ऐकू येतो, आणि साध्या गोष्टी, म्हणजे गाडीचा नंबर, त्याच्यासाठीच कुणी मुद्दाम पाठवलाय असं वाटतं. त्याला ते अगदी खरं वाटतं. गोळ्यांनी ते कमी होतं, म्हणून रोज घ्यायला लागतात, आज्जीच्या शुगरच्या गोळीसारख्या. गोळ्या चुकल्या की परत वाढतं. कधी गोळ्या घेऊनही वाढतं, तेव्हा हॉस्पिटलात राहायला लागतं.' बस. जास्त विचारलं तर जास्त सांगा, नाहीतर मटार सोला.

आणि तीन गोष्टी त्यानं विचारल्या नाहीत तरी सांगायच्याच. हे तुझ्यामुळं झालं नाही. तू जवळ बसल्यानं तुला होत नाही. आणि मामाला बरं करणं हे तुझं काम नाही, ते डॉक्टरांचं आणि आम्हा मोठ्यांचं. पहिली गोष्ट तर दोनदा सांगा. कारण तो ते पान फाडून बसलाय, आणि कधी ना कधी, आज नाहीतर सहावीत, त्याच्या मनात येणार की मी सांगितलं असतं तर मामा ॲडमिट झाला नसता. माझा अंदाज आहे की आलेलंच आहे. तेव्हा ते पान काढा, दोघांच्या मध्ये ठेवा आणि म्हणा, 'हे तू मामाची काळजी म्हणून केलंस, आम्ही सांगितलं होतं तसंच केलंस, चुकलं ते आमचं. आता नियम बदललाय. मामाचं काही वेगळं दिसलं तर मला किंवा पप्पांना सांगायचं, ती चुगली नाही. आणि सांगितलं म्हणून मामाला कुणी टाकून देत नाही, डॉक्टर गोळी बदलतात, लागलंच तर थोडे दिवस हॉस्पिटलात ठेवतात.' तो 'टाकलं असतं' हा शब्द कुठून शिकला ते तुम्हाला माहीत आहे. दवाखान्यात 'टाकणं', 'येरवड्याला पाठवणं', हे शब्द घरातून काढून टाका, आज्जीच्या तोंडातूनसुद्धा, भांडण झालं तरी चालेल.

तो विचारेल, मग आता सगळ्यांना सांगू? वर्गात सांगू? इथं त्याला एक फरक समजावून द्या, मला स्वतःला तो फार उशिरा समजला. लपवायची गोष्ट वेगळी आणि खासगी गोष्ट वेगळी. आपण आंघोळ करताना दार लावतो, ते काही वाईट करतो म्हणून नाही. मामाचा आजार तसा खासगी आहे, वर्गात सांगायची गरज नाही कारण तो मामाचा आहे, पण आई-पप्पांशी त्याबद्दल कधीही काहीही बोलता येतं, कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही, 'मामा आजारी असतो' एवढं पुरतं. आणि कुणीही, अगदी मामानंसुद्धा, 'आईला सांगू नको' म्हणून काही सांगितलं की ते आईला सांगायचंच. हा शेवटचा नियम स्किझोफ्रेनिया नसलेल्या घरांतही प्रत्येक पोराला शिकवायला पाहिजे, कारण तुम्हाला कळतंयच.

ज्या वाचकांच्या घरी मामा-काका नाही तर आई किंवा वडीलच आजारी आहेत आणि मूल रोज त्याच घरात आहे, त्यांच्यासाठी वरचं बरंचसं लागू आहे पण एक गोष्ट जास्त लागते. मुलाच्या ओळखीचं, घराबाहेरचं एक मोठं माणूस, ज्याच्याकडं रात्री अकरा वाजता पण जाता येईल आणि ज्याला सगळं माहीत आहे. शेजारच्या काकू, मित्राची आई, कुणीही. त्या माणसाला आधीच विचारून ठेवायचं, मुलाला फोन नंबर पाठ करायला लावायचा.

दिवाळीचं. जा. मिस्टरांशी बोलणं झालेलं असेल तर त्यांनाही घेऊन जा, नाहीतर तुम्ही आणि बंटी. या खेपेला पंधरा दिवस नको, दोन-तीन दिवस पुरे, हॉस्पिटलमधून आल्यावर माणूस मंद असतो, झोप फार असते, वजन वाढलेलं असतं, बंटीला हे आधी सांगून ठेवा की मामा जरा हळू झालाय, रुसलेला नाहीये. फटाक्यांच्या आवाजाचा त्रास होतो का ते भावालाच विचारा. तो ओवाळून घ्यायला बसला आणि मध्येच उठून गेला तरी ताट तसंच ठेवा, अर्ध्या तासानं परत विचारा. स्टँडवर जायचं का हे मामाला ठरवू द्या, आणि या वेळी तिसरं माणूस म्हणून तुम्ही जा. वही बंद करू नका. मला माहितेय तुम्हाला ती वही आता विषासारखी वाटते, पण आजार वहीत नव्हता, आणि डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, नंबर लिहिण्यानं त्याचा संशय वाढतो असं त्यांना वाटलं तर दोघं मिळून दुसरं काहीतरी शोधतील, डेपोची नावं, गाड्यांची चित्रं.

आणि माहेरी आहात तर आईजवळही बसा. त्या एकट्या हे तेरा वर्षं ओढतायत, 'मी आहे तोवर' हे वाक्य त्या घरात कितीदा म्हटलं गेलं असेल. गुपित असलं की मदतही मागता येत नाही ना. गोळ्या चुकतात असं दिसत असेल तर डॉक्टरांना इंजेक्शनचं विचारा, पंधरा दिवसांतून किंवा महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं असतात, सगळ्यांना चालतात असं नाही पण रोजची घरातली लढाई बऱ्याच जणांची थांबते. अडीनडीला १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतून बोलता येतं, तो आईच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या आणि त्यांच्यासमोर एकदा लावून दाखवा, नुसता लिहून दिला तर त्या लावणार नाहीत. तुम्ही पुण्यात आहात, तिथं स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं पेशंट आणि नातेवाइकांसाठी काम आहे, एकदा जाऊन बघा. काही बोलायला लागत नाही, मागं बसून ऐकलं तरी चालतं. तिथं बसलेल्या पहिल्या चार बायका बोलल्या की तुम्हाला वाटेल यांना माझं पत्र कुणी वाचून दाखवलं.

बंटीचं पोट महिना-दीड महिन्यानंतरही दुखत राहिलं, झोप उडाली किंवा शाळेत जायला नको म्हणायला लागला तर मुलांच्या काउन्सेलरकडं न्या, तोवर थांबा.

मिस्टर काय म्हणाले ते मात्र नक्की कळवा.